तुम्ही रजेवर असता त्या दिवशी

पत्र

"सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी, एका अनुदानित माध्यमिक शाळेत मी १२ वर्षं मराठी शिकवते. सध्या नववीची वर्गशिक्षिका आहे. मुलं माझ्याशी मोकळेपणानं बोलतात. मधल्या सुट्टीत डबा उघडायच्या आत कुणीतरी दारात उभं असतं. घरातली भांडणं, वडिलांची दारू, वर्गातलं चिडवणं, सगळं सांगतात. शिकवण्याइतकंच हेही माझं काम आहे असं मी मानते. पण शिक्षक दालनात 'बाईंनी लाडावलेला वर्ग' असं बोललं जातं. मुख्याध्यापक म्हणतात, 'मॅडम, आधी दहावीच्या निकालाचं बघा.' गेल्या महिन्यात एका मुलीनं 'कुणाला सांगणार नाही अशी शपथ घ्या' म्हणून काहीतरी सांगायला सुरुवात केली आणि मध्येच गप्प झाली. तेव्हापासून मला नीट झोप नाही. नोकरी सोडून मानसशास्त्र शिकावं आणि समुपदेशक व्हावं का? की शाळेत राहूनच काही करता येईल, एकटीनं?"
— एक वर्गशिक्षिका

उत्तर

प्रिय बाई,

त्या मुलीपासून सुरुवात करते. नोकरी, पुढचं शिक्षण, शिक्षक दालन या सगळ्याला वेळ आहे. तिच्या बाबतीत थांबता येणार नाही.

तिच्याशी पुन्हा बोला, याच आठवड्यात. सगळ्यांदेखत "जरा इकडे ये गं" म्हणू नका, नववीच्या वर्गात तेवढ्यानंही कुजबुज सुरू होते. वह्यांचा गठ्ठा घेऊन यायला सांगा आणि अशा जागी बसा, जिथं तुम्ही दोघी इतरांना दिसाल, पण तुमचं बोलणं ऐकू जाणार नाही. तिनं मागितलेली शपथ देऊ नका. खरं काय ते सांगा: "तू जे सांगशील ते मी वर्गात किंवा इतर शिक्षकांत बोलणार नाही. पण तुला कुणी त्रास देत असेल किंवा तुझ्या जिवाला धोका असेल, तर मदत करू शकेल अशा माणसाला मला सांगावंच लागेल. कुणाला सांगणार ते तुला आधी कळेल." ती परत गप्प होईल कदाचित. होऊ द्या, दोन दिवसांनी पुन्हा विचारा. शपथ घेऊन मोडणाऱ्या मोठ्या माणसाकडे मूल दुसऱ्यांदा येत नाही.

बोलण्यातून लैंगिक छळ पुढं आला, तर काय करायचं हे कायद्यानं ठरवून दिलेलं आहे. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे, १८ वर्षांखालच्या मुलावर असा गुन्हा झाल्याचं कळलं, किंवा होईल अशी शंका जरी आली, तरी पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा ठरतो. खरं-खोटं करणं तुमचं काम नाही. तिला खोदून खोदून विचारू नका. तीच हकिगत आधी मुख्याध्यापकांपुढं, मग पर्यवेक्षकांपुढं, मग संस्थेच्या सचिवांपुढं अशी तिच्याकडून वदवून घेतली जात असेल तर मध्ये उभ्या राहा. ती जे शब्द वापरेल ते जसेच्या तसे, तारीख-वेळ घालून लिहून ठेवा. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन चोवीस तास चालू असते, तुम्हीही तिथं फोन करून पुढचं विचारू शकता. "शाळेचं नाव जाईल, आधी आपसात बघू" असं म्हणणारं कुणीतरी भेटेलच. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात लोक रेल्वे रुळांवर उतरले, त्यामागं शाळेतल्या दोन लहान मुलींवरच्या अत्याचाराची तक्रार नोंदवून घ्यायला झालेल्या उशिराचा संताप होता. प्रत्येक शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असावी असा राज्य सरकारचा २०२२ चा निर्णय आहे. तुमच्या शाळेच्या समितीत कोण कोण आहे ते उद्याच विचारून घ्या.

कदाचित वेगळंच काही निघेल. घरी तिचं लग्न ठरवत असतील. तसं असेल तर गावपातळीवर ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात, आणि १०९८ तिथंही कामाला येतो.

आता तुमच्याबद्दल. मुलं तुमच्यापाशी बोलतात याचं मोल फार आहे. त्याला लाड म्हणणाऱ्यांचं मनावर घेऊ नका. तरी पत्र वाचताना एक गोष्ट मला अस्वस्थ करून गेली. एवढ्या मोठ्या शाळेत पोरांना मन मोकळं करायला एकच जागा आहे, आणि ती तुमच्या डब्यासमोर. समजा, घरी कुणाचं ऑपरेशन निघालं आणि तुम्ही पंधरा दिवस रजेवर गेलात. त्या पंधरा दिवसांत ज्याला चिडवलं गेलं, ते पोर कुठं जाईल? कुठलीही शाळा मुलांसाठी सुरक्षित आहे का, हे मी याच प्रश्नावर जोखते. एका मायाळू बाईंच्या जिवावर उभी असलेली सुरक्षितता त्यांची संस्थेच्या दुसऱ्या शाखेत बदली झाली की त्यांच्याबरोबर निघून जाते. मुलांना आधार लागतो तो शाळेच्या रोजच्या वागण्याचा. आज बाईंचा मूड कसा आहे, तास कुणाचा आहे, यावर त्याचा जीव टांगलेला असू नये.

तुम्ही साताऱ्याकडच्या, म्हणून हे उदाहरण. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढलं. मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही दिलं, हे आपण सगळेच जयंतीच्या भाषणात सांगतो, आणि सांगायलाच हवं. पण त्या मायेला रोजची एक घडी घालून दिलेली होती, तिच्याबद्दल आपण कमी बोलतो. सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली राहणार, मिळून स्वयंपाक करणार, एका पंगतीत जेवणार. ज्याच्या सावलीचाही गावात विटाळ मानत, त्या पोराची पंगतीतली जागा ठरलेली होती. त्यासाठी त्याला रोज कुणाच्या चांगुलपणाची वाट बघावी लागत नव्हती.

बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ नंतर कोसबाडच्या टेकडीवर केलं तेही याच जातीचं काम. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. आधी अंघोळ, नखं कापणं, केस विंचरणं, मग गाणी-गोष्टी. गुरं राखणारी मुलं येईनात, तर त्यांच्यासाठी कुरणशाळा काढली. "यांना शिकायची गोडीच नाही" असं म्हणून त्या मोकळ्या झाल्या नाहीत. शाळेची जागा बदलली, वेळ बदलली.

हे डोक्यात ठेवून उद्या आपली शाळा मुलाच्या जागी उभं राहून बघा. परिपाठ चालू आहे. उशिरा आलेली मुलं फाटकाजवळ रांगेत उभी केलेली आहेत आणि अख्खं मैदान त्यांच्याकडे बघतंय. त्यातला एकजण पहाटे उठून म्हशीची धार काढून, डेअरीवर दूध घालून, सायकल मारत आलेला असतो. "का रे उशीर झाला?" असं त्याला कुणी खरोखर विचारलेलं नसतं. "रोजचंच आहे याचं" एवढंच तो ऐकतो.

पहिल्या तासाला शिपाई मामा कार्यालयातून शिष्यवृत्तीचा कागद घेऊन येतात. "एससीची मुलं उभी राहा. आता एनटीची." कुणाच्या मनात वाईट नसतं, तास वाचवायचा असतो. पण बाकावरून उठलेल्या पोराला त्या अर्ध्या मिनिटात आपल्याकडे वळलेल्या नजरा कळतात आणि पुढची कित्येक वर्षं त्या त्याच्याबरोबर राहतात. ही माहिती शाळेच्या रजिस्टरमध्ये असतेच. नावांची चिठ्ठी करून मधल्या सुट्टीत एकेकाला कार्यालयात बोलावलं तर काम तेवढंच होतं.

मग घटक चाचणीच्या उत्तरपत्रिका. जास्त गुणांकडून कमी गुणांकडे वाटत जायची आपल्याकडे जुनी सवय आहे. हातात शेवटचे चार पेपर उरतात, तेव्हा ती चार मुलं कोण हे वर्गाला आधीच कळलेलं असतं. पेपर पुढं करताना सर मोठ्यानं वाचतात, "वीसपैकी दोन." वर्ग हसतो. तो मुलगा पण हसतो, कारण त्या क्षणी दुसरं काही करणं त्याला परवडत नाही. हजेरी क्रमांकानं, पालथे करून, ज्याचा त्याच्या बाकावर पेपर ठेवला तर वेळ तेवढाच लागतो. माझ्या मते कुठल्याही शाळेत काळजीचं काम सुरू करायचं तर ते इथून करावं. फुकट आहे, उद्यापासून होतं, आणि एकदा सगळ्या शिक्षकांनी ठरवलं की कुणा एकाच्या स्वभावावर अवलंबून राहत नाही.

आणि मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी बघा. ती लागत नसेल तर मुली घरी जाईपर्यंत पाणी पीत नाहीत. भावनिक सुरक्षिततेवर पाहुण्यांचं व्याख्यान ठेवायच्या आधी ती कडी बसवून घ्या.

शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी घालतं, हे शिक्षक दालनात पुष्कळांना माहीत नसतं. हा कायदा आठवीपर्यंतच्या मुलांसाठी आहे. पण आठवीत जे बोलणं छळ ठरतं ते नववीत शिस्त कसं होईल, हा प्रश्न बैठकीत शांतपणे विचारायला हरकत नाही.

तुमच्या सहकाऱ्यांविषयी मात्र मला थोडं त्यांच्या बाजूनं बोलायचं आहे. काळजी करणारी बाई म्हणजे गोड बोलणारी आणि कडक सर म्हणजे मुलांना न समजणारे, अशी वाटणी आपण करून टाकतो. मी ती मानत नाही. प्रत्येक शाळेत एखादे गणिताचे सर असतात. गृहपाठ न केल्यास चालवून घेत नाहीत, तासाला टाचणी पडली तरी ऐकू येते, पण कुणाच्या बापाचा, जातीचा, रंगाचा, तोतरेपणाचा उल्लेख त्यांच्या तोंडून कधी निघत नाही. आज एक आणि उद्या एक असं त्यांचं नसतं. मुलं त्यांच्या तासाला निर्धास्त असतात. उलट, सोमवारी जवळ घेणारी आणि बुधवारी "तुमच्यासाठी एवढं करून काय उपयोग" म्हणून अबोला धरणारी बाई मुलांना फार दमवते. तेव्हा आपल्या बाजूचं माणूस शोधताना गोड बोलणाऱ्यांतच शोधू नका. त्या गणिताच्या सरांपाशी जा. "तुमच्या तासाला कुणी कुणाला चिडवत नाही, ते कसं जमवता?" असं मनापासून विचारा. सोबत मिळेल ती इथून. म्हणजे तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: एकटीनं नाही. एकटीनं करू नका.

मुख्याध्यापकांना निकाल हवा, तर त्यांच्याशी निकालाचंच बोला. "मुलांच्या भावना" हा शब्द तिथं दुसऱ्या वाक्याला संपतो. त्यापेक्षा नववीचा हजेरीपट उघडा. सलग तीन दिवस न येणारी मुलं कोण, मध्येच घरी जाणारी कोण, ती कुठल्या वारी, कुठल्या तासानंतर जातात, हे महिनाभर टिपून त्यांच्या टेबलावर ठेवा. जे मूल घाबरून किंवा लाजून शाळा टाळतं ते दहावीत नापासांच्या यादीत यायची भीती त्यांनाही कळते. मग एकच गोष्ट मागा: पेपर वाटायची पद्धत, किंवा उशिरा येणाऱ्यांना परिपाठाऐवजी वर्गाच्या दारात गाठणं. एका सत्रात एकच बदल, पण तो सगळ्या तुकड्यांत.

याच संदर्भात एक गोष्ट नाजूक आहे. मुख्याध्यापक जिथं शिक्षकाला मुलांसमोर झापतात, आणि अधिकारी मुख्याध्यापकांना व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांदेखत, तिथं तोच सूर खाली वर्गापर्यंत झिरपतो. ऑनलाइन माहिती, मतदार यादीचं काम, रोजचे अहवाल यांनी तुमचे सहकारी पिचलेले असतील. त्यांना मुलांशी प्रेमानं वागायचा उपदेश करण्यापेक्षा एखाद्या दिवशी त्यांचा एक बदली तास आपणहून घ्या.

चिडवण्याचं काय करायचं हे तुम्ही थेट विचारलं नाहीत, पण पत्रात ते आहे. फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठात 'किवा' नावाचा कार्यक्रम तयार झाला आणि २००९ पासून तो देशभरच्या शाळांत गेला. त्याचा भर चिडवणाऱ्या आणि चिडवल्या जाणाऱ्या दोघांइतकाच बघणाऱ्यांवर आहे. चिडवणाऱ्याला बळ मिळतं ते हसणाऱ्यांमुळे. हे आपल्या वर्गांनाही तंतोतंत लागू पडतं. समजा, वाचनात अडखळणाऱ्या मुलाला दुसऱ्यानं 'टायपरायटर' नाव पाडलंय. आपण काय करतो? दोघांना उभं करतो, "सॉरी म्हण, हात मिळव" आणि पुढचा धडा. सुट्टीत ते नाव दुप्पट जोरात परत येतं. त्याऐवजी नाव पाडणाऱ्याला एकट्याला बसवा आणि "का केलंस?" हे सोडून बाकीचं विचारा. 'का'ला पोरं "मस्करी होती" एवढंच उत्तर देतात. काय झालं ते सांग. तेव्हा तुझ्या मनात काय होतं? त्याच्यावर काय परिणाम झाला असेल? आता ते नीट करायला तू काय करशील? शेवटच्या प्रश्नावर बराच वेळ शांतता असते. ती भरून काढू नका. त्या शांततेतच मुलगा पहिल्यांदा त्या दुसऱ्याचा विचार करत असतो. मग हसणाऱ्यांतल्या दोन-तीन वजनदार मुलांना वेगळं बोलावून सांगा, "त्याला वर्गात बरं वाटावं यासाठी तुम्ही काय कराल?" त्यांच्यावर आरोप न करता मदत मागा. ज्याला चिडवलं त्या मुलाला मात्र, तो स्वतः तयार असल्याशिवाय, समोरासमोर बसवू नका. माफी स्वीकारायची सक्ती हाही त्याच्यावर एक भारच असतो.

तुमच्या झोपेबद्दल. दिवसभर मुलांचं ऐकून ते घरी नेणाऱ्या शिक्षिका मी पुष्कळ पाहिल्या आहेत आणि त्यांतल्या चांगल्या चांगल्या मध्येच गळून जातात. ऐकायची वेळ ठरवून घ्या. आठवड्यातल्या दोन मधल्या सुट्ट्या, मुलांना माहीत असलेल्या. तातडीचं असेल तर कधीही. बाकीच्या दिवशी डबा सहकाऱ्यांबरोबर खा, तेही या कामाचाच भाग आहे. आणि सगळं तुम्हीच सोडवायचं नसतं. वडिलांची दारू तुम्ही सोडवू शकत नाही. सतत रडणारं, जेवण टाकलेलं, जीव नकोसा झाल्याचं बोलणारं मूल जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात पोचायला हवं, आणि पालकांना बरोबर घेऊन ते पोचवणं हे तुमचं काम. १४४१६ ही मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन २०२२ पासून आहे. तिथं मराठीत बोलता येतं. तो नंबर मुलांसाठी जितका आहे तितकाच तुमच्यासाठी आहे.

राहिला नोकरीचा प्रश्न. सोडू नका, असंच माझं मत आहे. समुपदेशकांच्या जागा मुख्यतः शहरातल्या खासगी शाळांत आहेत. सीबीएसईनं आपल्या शाळांना समुपदेशक नेमायला सांगितलेलं आहे, म्हणून तिथं संधी आहेत. ते काम मोलाचं आहे. पण तुम्ही पुण्याला जाऊन ते करू लागलात तर तालुक्याच्या गावातली ही नववी कुणाकडे जाईल? आणि समुपदेशकाच्या खोलीत मूल येतं तोवर बरंच घडून गेलेलं असतं. परिपाठ, हजेरी, पेपर वाटणं, पालकसभा, हे सगळं समुपदेशकाच्या हातात नसतं. ते मुख्याध्यापक आणि पर्यवेक्षकांच्या हातात असतं.

म्हणून तुम्ही तिकडे जावं असं मला वाटतं. बारा वर्षं सेवा झालीय, पुढच्या काही वर्षांत पर्यवेक्षकपद आणि नंतर मुख्याध्यापकपद तुमच्या वाट्याला येऊ शकतं, आणि मुलांना जपणाऱ्या बायका ही पदं "प्रशासन आपल्याला जमणार नाही" म्हणून दुसऱ्यांना सोडून देतात याचं मला खरोखर वाईट वाटतं. दहावीच्या पालकसभेत सगळ्यांसमोर गुण वाचायचे नाहीत, पालकाला दहा मिनिटं एकटं भेटायचं, असा निर्णय तुम्ही त्या खुर्चीतून एका सहीनं घेऊ शकता. आज त्याच गोष्टीसाठी तुम्हाला वर्षभर झगडावं लागेल.

तयारी म्हणून यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका नोकरी सांभाळून करा. समुपदेशनाचं शिक्षणही घ्या, पण पगारी शिक्षिका राहून. एनसीईआरटीचा मार्गदर्शन आणि समुपदेशनाचा पदविका अभ्यासक्रम सेवेतल्या शिक्षकांसाठीही आहे. काही भाग दूरस्थ, काही प्रत्यक्ष केंद्रावर राहून आणि शेवटी आपल्या गावी सराव, अशी त्याची रचना आहे. त्यासाठी महाराष्ट्र आणि गोवा एनसीईआरटीच्या भोपाळच्या प्रादेशिक शिक्षण संस्थेकडे येतात. केंद्रावर राहण्याच्या काळासाठी तुमची शाळा चालवणाऱ्या संस्थेची परवानगी आणि रजा लागेल, म्हणून अर्ज भरायच्या आधी सचिवांशी बोलून घ्या आणि त्यांचा होकार लेखी घ्या. दोन्ही एकाच वर्षी अंगावर घेऊ नका. तुमच्या जागी मी असते तर व्यवस्थापनाची पदविका आधी केली असती, कारण ती नोकरी सांभाळून होते आणि पदोन्नतीच्या वेळी हाताशी असते. शाळेच्या ज्येष्ठता यादीत तुमचा क्रमांक कितवा आहे, हेही कार्यालयातून एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्या.